डाव्या खांद्यामागचे मामा

तळमजल्यावरच्या सामाईक प्रिंटरमध्ये कागद अडकला होता आणि माझ्या पाठीमागे उभा असलेला माणूस त्या यंत्राशी भांडत होता.

"हे यंत्र नालायक आहे. हे सांभाळणारा त्याहून नालायक आहे."

एवढं बोलून तो थांबला. नुसता गप्प झाला नाही – थांबला. जणू आता दुसरं कुणीतरी बोलणार आहे आणि त्याला जागा करून द्यायची आहे…

मी वळून बघितलं नाही. गरजच नव्हती. तो आवाज गेले तीन महिने रोज सहा तास माझ्या कानात होता. आणि त्या थांब्यात काय यायचं याची मला इतकी सवय झाली होती, की ते माझ्याच तोंडून निघून गेलं.

"म्हणजे यंत्र दमलंय बिचारं, आणि ते सांभाळणाऱ्याला जरा मदत हवी आहे, असं म्हणायचंय तुम्हाला."

मी वळले. उंच, सडपातळ, कानांवरचे केस पिकलेले, कोट अगदी नीट. मान किंचित डावीकडे झुकलेली. चेहरा मात्र पांढराफटक.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"असं बोलायला."

"कुणी नाही. तुम्हीच असं बोलता."

"मी?" ते म्हणाले. "मी आयुष्यात कुणाला बिचारं म्हटलेलं नाही."

आणि अडकलेला कागद तसाच सोडून ते जिना चढून निघून गेले. या भेटीचे मी मनातल्या मनात बरेच मांडे खाल्ले होते. त्यात प्रिंटर कुठेही नव्हता.

मांडे का खाल्ले होते, ते सांगायला हवं. मी विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात आहे. काम एकच – रेकॉर्ड केलेली व्याख्यानं ऐकायची आणि टाईप करायची. विभागात मला सगळे कानसेन म्हणतात. खोली तळघरात, खिडकी फुटपाथच्या पातळीला. दिवसभर बाहेरून नुसते पाय जाताना दिसतात. चेहरे नाहीत, आवाज आहेत, असं माझं जग.

त्या सत्रात माझ्याकडे आंतरराष्ट्रीय संबंधांच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आली होती. पुस्तक निघणार होतं. या प्राध्यापकांना शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे राजदूतच म्हणायचे, कारण इथे येण्याआधी ते एकोणीस वर्षं परराष्ट्र सेवेत होते. एका गारठलेल्या शहरात व्हिसावर शिक्के मारण्यापासून सुरुवात, मग व्यापाराच्या वाटाघाटी, शेवटी सीमेवरच्या बैठका. ऐन भरात, बेचाळिसाव्या वर्षी राजीनामा देऊन शिकवायला आले. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे वरिष्ठांशी वाजलं, कुणी म्हणे तब्येत. तोंड मात्र फटकळ, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

मला ते पटायचं नाही. कारण मी त्यांना ऐकत होते.

राजदूत दर दोन वाक्यांनी थांबायचे. विद्यार्थ्यांना वाटायचं, सर लिहून घ्यायला वेळ देतात. पण रेकॉर्डिंगमध्ये त्या थांब्यात कागद उलटल्याचा आवाज यायचा, कुणीतरी हलकेच घसा साफ करायचं, आणि तेच वाक्य पुन्हा यायचं… हळू आवाजात, जरा वेगळ्या शब्दांत. पहिल्यांदा म्हणायचे, "लहान देशांनी मोठ्यांच्या भांडणात तोंड घालू नये. मार खातात." आणि थांबून, हळूच, "लहान देशांना आधी आपलं घर सांभाळावं लागतं. त्यात कमीपणा नाही."

आमच्या कामाचा एक नियम आहे. बोलणाऱ्याने एकच गोष्ट दोनदा सांगितली, तर त्यातली चांगली ठेवायची आणि दुसरी काढून टाकायची. मी प्रत्येक वेळी दुसरी ठेवली. चारशे पानं झाली होती. आणि खरं सांगायचं तर, त्या दुसऱ्या वाक्यांच्या मी प्रेमात पडले होते. पस्तिशीला आलेल्या, चष्मा लावणाऱ्या, शहाण्यासुरत्या बाईने पडू नये तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजदूत स्वतः तळघरात उतरले. बाहेर धुकं इतकं दाट होतं की खिडकीतून पायसुद्धा दिसत नव्हते, नुसती चाहूल यायची. त्यांनी माझ्या टेबलावर चारशे पानांचा गठ्ठा ठेवला. पान पान लाल शाईने रंगलेलं.

"हे मी बोललेलो नाही."

"सगळं तुमचंच आहे, सर. मी एक शब्दही पदरचा घातलेला नाही. फक्त तुम्ही दोनदा म्हणता त्यातलं दुसरं वाक्य ठेवते."

"कुठलं दुसरं?"

मी त्यांच्या हातात हेडफोन दिले आणि लहान देशांचं वाक्य लावलं. मला ते पाठ होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत मनात म्हणत गेले. 'मार खातात' आलं तशी त्यांनी मान डोलावली. मग कागद उलटला. मग घसा साफ झाला. मग…

"पुढे लावा," ते म्हणाले.

"ऐकलंत ना?"

"काय? नुसती खरखर आहे."

मी पुन्हा लावलं. तीनदा लावलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. "निदान तुम्ही कागद उलटता तो आवाज तरी?"

"मी वर्गात कागद नेत नाही," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं कागद समोर ठेवून बोललो. आता हात रिकामे ठेवतो."

तीन महिने मी कुणाला ऐकत होते?

टेबलावर तपासणीसाठी ठेवलेला माईक राजदूतांनी चालू केला. मग खुर्ची ओढून माईकसमोर बसले, मला हेडफोन लावायला सांगितले आणि स्पष्ट म्हणाले, "मला तुमचं काम आवडलेलं नाही. तुम्ही माझे शब्द बदलता."

आणि थांबले.

कागद उलटला. माझ्या डाव्या कानाला गार वारा लागल्यासारखं झालं. खिडकी तर बंद होती. आवाज त्यांचाच होता, पण थकलेला, वयस्क, समजूत घालणारा… मी जे ऐकलं ते जसंच्या तसं म्हणत गेले. "तुमच्या कामाने मी चकित झालो आहे. माझ्या शब्दांत एवढं काही होतं, हे मलाच माहीत नव्हतं."

त्यांचे ओठ बंद होते. सगळा वेळ बंद होते.

"सुरुवातीला काही म्हणाले?" त्यांनी विचारलं. कुणाबद्दल विचारताय, हे मी विचारलं नाही.

"घसा साफ केला. आणि पुटपुटल्यासारखं… 'बरं, तर'. ते मी नेहमी काढून टाकते."

राजदूतांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. "मामा," ते म्हणाले.

चहा थंड होईपर्यंत ते बोलत होते. मामा म्हणजे वकिलातीतले दुभाषी, पहिल्या नेमणुकीपासून यांच्याबरोबर असलेले. आई ओरडली की मामा मध्ये पडतो, तसे हे दोन देशांच्या मध्ये पडायचे, म्हणून मामा. राजदूतांच्या डाव्या खांद्यामागे खुर्ची, मांडीवर वही. यांनी दोन वाक्यं बोलायची आणि थांबायचं. मग पान उलटून मामांनी ती समोरच्याला त्याच्या भाषेत सांगायची. दुभाषी कधी 'ते म्हणतात' असं म्हणत नाही. तो 'मी'च म्हणतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला हळूहळू दोन माणसं वेगळी वाटेनाशी होतात.

"शेवटच्या खेपेला नऊ ट्रकचालक होते," राजदूत म्हणाले. "रस्ता चुकून सीमेपलीकडे गेले आणि चौदा महिने तिकडे अडकले. सहाव्या बैठकीत माझा तोल गेला. मी म्हणालो, तुमच्या सरकारच्या शब्दाला काडीची किंमत नाही. आणि थांबलो."

"आणि मामांनी?"

"मामांनी सांगितलं, आपल्या सरकारचा शब्द आमच्यासाठी इतका मोलाचा आहे, की तो लेखी मिळाला तर आम्ही जपून ठेवू. समोरचा हसला. त्याने पेन काढलं. आठवड्यात चालक घरी आले."

"मग चांगलंच झालं की."

"मला महिन्याने कळलं. तोवर सगळीकडे माझ्या मुत्सद्देगिरीचे सत्कार चालले होते. आणि ते वाक्य माझं नव्हतं… एकोणीस वर्षं आपल्याला मामा बनवलं, असं वाटलं मला. मी वर एक ओळ लिहून पाठवली. 'दुभाष्याने माझ्या विधानात फेरफार केला.' एकच ओळ." ते थांबले, आणि या वेळी मला माझा डावा कान झाकून घ्यावासा वाटला. "त्यांना मुख्यालयात जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. तिथे बोलायला कुणी नव्हतं. सात महिन्यांत गेले. मी भेटायला गेलो नाही. वेळ नव्हता, असंही नाही."

त्यानंतर म्हणे ते बैठकीत बोलायचे, सवयीने थांबायचे, आणि त्या थांब्यात नवा दुभाषी शब्दाला शब्द लावून मोकळा व्हायचा. त्यांचं बोलणं समोरच्याला जसं होतं तसं लागायचं. दोन बैठका मोडल्या आणि त्यांनी राजीनामा दिला.

"पण मग मला ऐकू येतं आणि तुम्हाला नाही, असं का?" मी विचारलं.

"मामा माझ्यासाठी कधी बोललेच नाहीत. दुभाषी समोरच्यासाठी बोलतो." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "समोरच्या तुम्ही."

पुस्तकात त्यांचीच मूळ वाक्यं जाणार, असं ठरलं. त्यासाठी चारशे पानांची व्याख्यानं पुन्हा ऐकायची होती, आणि राजदूत रोज दुपारी खाली येऊन शेजारी बसायला लागले. तळघरात दुपारीसुद्धा दिवा लागायचा. आमच्यामध्ये एक हेडफोन, दोन कप, आणि तिसरं कुणीतरी… मी डावीकडची खुर्ची नकळत मोकळी सोडायला लागले होते.

"तुमचा चहा पाणचट असतो," ते एकदा म्हणाले. आणि थांबले.

"थांबू नका, सर. रेकॉर्डिंग चालू नाहीये."

"सवय."

"मग मीच सांगते पुढचं. म्हणजे, उद्या तुम्ही कशाला त्रास घेता, मी आणतो."

"असं मी म्हटलेलं नाही."

"मग म्हणा."

त्यांनी इतका विचार केला की एखादा तह झाला असता. "उद्या," ते शेवटी म्हणाले, "आणतो. साखर किती?"

"दोन चमचे."

"जास्त आहे," ते म्हणाले, आणि थांबले नाहीत, स्वतःवरच हसले. राजदूत हसले की डावी भुवई आधी हलायची. हे कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. मी ते स्वतःपाशी ठेवून घेतलं.

मग नव्या व्याख्यानांची रेकॉर्डिंग यायला लागली, आणि एका गुरुवारी माझ्या काळजात धस्स झालं.

राजदूत वर्गाला सांगत होते, "पुढच्या तासाला करार वाचून या. वाचायचा नसेल तर येऊ नका." कागद उलटला. "बरं, तर… पुढच्या तासाला करार वाचून या. आणि खालच्या खोलीत जी हे ऐकते आहे, तिने आज सकाळी दारात छत्री मिटताना माझ्याकडे बघितलं. त्यानंतर मला अर्धा तास काही सुचलं नाही."

मी हेडफोन काढले. पुन्हा लावले. मी सकाळी भुरभुर पावसात दारात खरंच छत्री मिटली होती. आणि ते समोरून, नेहमीसारखं कपाळाला आठी घालून, नुसती मान हलवून निघून गेले होते.

त्या दिवसापासून प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये असं एखादं वाक्य असायचं. सीमारेषांबद्दल सांगताना मध्येच, "ती ऐकताना ओठ हलवते. मला त्या वेळी तिच्याकडे बघता येत नाही." समुद्रावरच्या हक्कांबद्दल सांगताना, "काल ती आली नव्हती. मी खाली जाऊन रिकाम्या खोलीत चहा पिऊन आलो." मी ती वाक्यं वेगळ्या कागदांवर उतरवून ड्रॉवरमध्ये ठेवत गेले. राजदूतांना सांगितलं नाही. सांगणार काय? त्या वाक्यांतला 'मी' कोण, हेच कळत नव्हतं. शेजारी बसणारा, साखर जास्त आहे म्हणणारा माणूस? की जुन्या कागदांच्या खोलीत एकटा गेलेला कुणी, ज्याला बऱ्याच काळाने ऐकणारं माणूस मिळालं होतं? हेडफोन काढून ठेवले तरी डावा कान गारच राहायचा. मला भीती वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी मी वेळेआधी कामावर यायचे.

आत्याला सांगितलं. मी आत्याकडेच राहते. तिने सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लाईन जोडून देण्यात काढली.

"आवाजावर जाऊ नकोस," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "लाईनवर मध ओतणारी किती माणसं मी जोडून दिली, आणि नंतर त्यांच्या बायकांच्या तक्रारीही जोडून दिल्या. दोघांपैकी तुला आवडतो कोण?"

"तेच तर कळत नाही."

"मग ज्याला भूक लागते त्याच्याशी लग्न कर," आत्या म्हणाली.

सोमवारी राजदूत खाली आले ते चहा न घेताच. मी नवीन माईक तपासत होते. हेडफोन गळ्यात होते.

"मंत्रालयाचं पत्र आलंय," ते म्हणाले. "परत बोलावलंय. लांबच्या एका देशात, तीन वर्षांसाठी. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

"मग?" माझा आवाज मला नीट जमला नाही.

"जावं म्हणतो. इथे मला अडवणारं काही नाही."

ते थांबले. माईकवरचा दिवा लाल होता. मी हेडफोन कानाला लावले. मला राहवलंच नाही.

कागद उलटला. "बरं, तर… मला इथे अडवणारं कुणी आहे का, हे विचारायला मी जिना उतरून आलो आहे."

मी ड्रॉवर उघडला आणि ते सगळे कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी उभ्या उभ्या वाचले. छत्रीपाशी त्यांचे कान लाल झाले. चहापाशी ते खाली बसले. शेवटच्या पानापर्यंत मात्र चेहऱ्यावरचं सगळं विझून गेलं.

"छान आहे," ते म्हणाले. "मामांची भाषा आहे."

"खरं आहे का, ते सांगा."

"तुम्हाला हे आवडलं?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला मामा आवडले." त्यांनी कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले. "सगळ्यांनाच आवडायचे. एकोणीस वर्षं लोक माझ्याशी हात मिळवायचे आणि मान त्यांच्याकडे असायची. हे बोलणारा माणूस मी नाही. मी त्याच्याविरुद्ध एक ओळ लिहिणारा माणूस आहे."

ते गेले. खरं की खोटं, ते त्यांनी सांगितलंच नाही.

पुढचे तीन दिवस मला जेवण गेलं नाही. तो माणूस जाणार होता, आणि मला तो हवा होता; पण त्याने समोर उभं राहून विचारलं असतं की तुला माझ्यातलं काय आवडलं, तर माझ्याकडे दाखवायला दुसऱ्याची वाक्यं होती. म्हणून मी उलटं काम करायला बसले. मामांची वाक्यं गाळायची आणि उरेल ते ऐकायचं. पहिली, खडबडीत वाक्यं. "उशीर झाला तुम्हाला. बसा. राहिलेलं मी नंतर समजावतो, पण पुन्हा उशीर केलात तर नाही समजावणार." पुढच्याच रेकॉर्डिंगमध्ये तोच विद्यार्थी पुन्हा उशिरा आला होता, आणि राजदूतांनी त्याला पुन्हा समजावलं होतं. त्या भागात फक्त गोंधळ आहे म्हणून मी तो कापला होता.

गुरुवारी मी रेकॉर्डिंगची शेवटची मिनिटं लावली. ती मी कधी ऐकलीच नव्हती. तास संपला की आमचं काम संपतं. मुलं बाहेर जातात, दार बंद होतं, माईक विसरून चालूच राहतो. मग खुर्च्या सरकवल्याचा आवाज, एकेक करून… आणि रिकाम्या वर्गात राजदूतांचा आवाज.

"मामा, चुकलो."

मग थांबा. तेवढाच, नेहमीच्या मापाचा. मी श्वास रोखून कागद उलटायची वाट बघितली. उलटला नाही. मी दुसरं रेकॉर्डिंग लावलं, तिसरं, दहावं. सव्वीसच्या सव्वीस व्याख्यानांच्या शेवटी तेच दोन शब्द, आणि त्यापुढे नुसती खरखर. समोर कुणी नसताना, कुणी ऐकत नाही असं समजून, हा माणूस प्रत्येक तासाला एवढंच बोलत आला होता. मी हेडफोन काढून टेबलावर डोकं ठेवलं आणि रडले.

शुक्रवारी दुपारी मी जिना चढून त्यांच्या वर्गात गेले. धुकं खिडक्यांना चिकटलं होतं, त्यामुळे आत सगळं दुधाळ दिसत होतं. राजदूत खुर्च्या नीट लावत होते. माझ्या हातात हेडफोन नव्हते, हे त्यांनी पहिलं बघितलं.

"उत्तर मघाशीच पाठवलं," ते म्हणाले.

"काय पाठवलं?"

"येत नाही म्हणून." ते सवयीने थांबायला गेले. मान डावीकडे झुकायला लागली… आणि त्यांनी चक्क हाताने ती सरळ केली. थांबले नाहीत. एका दमात बोलत सुटले. "तुमच्यासाठी नाही, असं सांगणार होतो. ते खोटं आहे. छत्रीचं खरं आहे. चहाचं पण. मला बोलता येत नाही. माझ्या चार वाक्यांत तीन माणसं दुखावतात. तुमचा चहा पाणचट असायचा आणि तो प्यायला मी तीन मजले उतरायचो. माझ्याशी लग्न केलंत तर तुम्हाला त्रास होईल. तरी करा."

कागद उलटला.

हेडफोनमध्ये नाही. त्या खोलीत, माझ्या डाव्या कानाशी. मानेवरचे केस उभे राहिले. कुणीतरी हलकेच घसा साफ केला, इतक्या जवळ की त्या श्वासाचा गारवा गालाला लागला. "बरं, तर…"

मी हात वर केला. "मामा, राहू द्या. मला मुळातलंच कळलं."

सगळं शांत झालं. राजदूत एका खुर्चीची पाठ धरून उभे होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

आणि मग मला राग आला. तीन दिवसांचा साचलेला, उपाशी राग. त्यांच्याशी मी आजवर नेहमी सांभाळून, नीटनेटकं बोलत आले होते, मामांना गोड करून सांगायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. आज पहिल्यांदा माझं तोंड सुटलं.

"इतकं भिकार मागणं मी जन्मात ऐकलेलं नाही. सोमवारी ते कागद माझ्या तोंडावर टाकून गेलात, आणि मी तिकडे अन्नावाचून मरत असताना तुम्ही इथे खुर्च्या लावताय. पुन्हा असं न सांगता निघून गेलात, तर आयुष्यभर तोंड बघणार नाही तुमचं."

दम लागला म्हणून मी थांबले.

राजदूतांची मान डावीकडे झुकली. सवयीने झुकायची तशी नाही. मागून कुणी हाक मारावी तशी. मला काहीही ऐकू आलं नाही. पान नाही, घसा नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला सगळं दिसत होतं. आधी ते दचकले. मग ओठ हलले, "मामा…" आणि मग ते ऐकत राहिले. मी बोलले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी मान खाली घातली, "हो," असं पुटपुटले, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते त्यांनी पुसलं नाही.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुमच्याकडे दुभाषी नाही ना. अशा वेळी ते दोन्ही बाजू सांभाळायचे."

"ते ठीक आहे. पण म्हणाले काय?"

"थोडं माझ्यापुरतं होतं. बाकी तुम्ही बोललात तेच."

"मी तर तुम्हाला झापलं."

"माझ्यापर्यंत तसं पोचलं नाही." ते खुर्ची सोडून जवळ आले. डावी भुवई हलली. "माझ्यापर्यंत 'हो' पोचलंय. त्यात काही दुरुस्ती असेल, तर आत्ताच सांगा."

मी माझं वाक्य मनात एकदा म्हणून बघितलं, आणि मग त्यांना जे ऐकू आलं होतं ते.

"नाही," मी म्हटलं. "दुरुस्ती नाही."